खून, भुतं आणि दुपारचा चहा

बायकांनी काय वाचावं, याची एक न छापलेली यादी प्रत्येक घरात असते बघा. संतचरित्र चालतं, 'मृत्युंजय' चालतं, पाककृतीचं पुस्तक तर धावतं. पण दुपारी ओटा आवरून एखादी बाई खुनाची कादंबरी घेऊन बसली, की "हे काय वाचतेस?" हा प्रश्न आलाच! नवरा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टीव्हीवर गुन्ह्यांच्या मालिका बघतो, त्याला मात्र कुणी विचारत नाही.

माझं हे वेड जुनं. नव्वदच्या दशकात, आमचं शहर औरंगाबाद होतं तेव्हा, औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांत हात घातला की हमखास बाबूराव अर्नाळकर निघायचे. झुंजार, काळा पहाड! हजारावर पुस्तकं लिहिली या माणसाने. मग गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. बी.ए.ला मराठी घेतलं, तेव्हा वर्गात यांचं नावही निघत नसे. आम्ही मुली मात्र वहीत घालून वाचायचो आणि पुस्तक परत देताना शेवटचं पान फाटलेलं निघालं की एकमेकींशी भांडायचो.

तर यंदाच्या पावसाळ्यात तीन पुस्तकं संपवली. एक खुनाचं, एक भुतांचं, एक विज्ञानाचं.

खुनाचं म्हणजे अगाथा ख्रिस्तीचं '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन'. मधुकर तोरडमलांनी, हो, 'तरुण तुर्क म्हातारे अर्क'वाल्या तोरडमलांनीच, ख्रिस्तीच्या कितीतरी कादंबऱ्या मराठीत आणल्या. माझी ओळख त्यांच्यामुळेच झाली. हे पुस्तक मात्र लेकीने आणलेलं, इंग्रजी. रोज दहा पानं, शेजारी शब्दकोश. १९५७ सालची कादंबरी आहे. नाताळची खरेदी करून एक वयस्क बाई आगगाडीने निघालेली असते. शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी समांतर धावू लागते, तिच्या एका खिडकीचा पडदा झटकन वर जातो आणि या बाईला दिसतं, की एक पाठमोरा पुरुष एका स्त्रीचा गळा आवळतोय. गाडी पुढे निघून जाते. बाई तिकीट तपासनिसाला सांगते. त्याला वाटतं, वाचता वाचता डोळा लागला असेल हिचा. पोलिस गाडी तपासतात, प्रेत सापडत नाही. झालं, संपलं प्रकरण. विश्वास ठेवते ती फक्त तिची मैत्रीण, मिस मार्पल.

हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. आठवड्यातून दोन दिवस मी एका समुपदेशन केंद्रात बसते. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला, पुढच्या वर्षी अमलात आला, पण कायद्याच्या दारापर्यंत यायच्या आधी बाईला कुणीतरी "हो, तुझं खरं आहे" म्हणावं लागतं. मागे एक मुलगी आली होती, विशी-बाविशीची. सासरचे सांगत होते, हिला भास होतात, हिच्या बोलण्यावर जाऊ नका. अंगावर वळ नव्हता. माहेरचेही म्हणत होते, "जाऊ द्या ताई, लहान आहे, चिडचिड करते." शेवटी बोलल्या त्या शेजारच्या आजी. सत्तरीच्या, निरक्षर. म्हणाल्या, "रोज जेवणं झाली की यांचा टीव्ही येकदम मोठा व्हायचा. एकदा लाइट गेली अन् टीव्ही बंद पडला. तवा कळलं मला, तो कशापायी मोठा लावत्यात ते."

आता सांगा, मिस मार्पल याहून वेगळं काय करते? ती विणकाम करत बसते, गावातल्या माणसांकडे बघते आणि एका माणसावरून दुसरा ओळखते. कुणाच्या दारात दूध किती वाजेपर्यंत पडून असतं, कुणाच्या दोरीवर चार दिवस कपडे नाहीत, हे आपल्या कॉलनीतल्या बायकांना बरोब्बर माहीत असतं. त्याला चांभारचौकशी म्हणतात. पुस्तकात ती करणाऱ्या म्हातारीला मात्र अख्खं जग मानतं.

आता भुतांकडे वळते. नारायण धारपांची 'लुचाई' पुन्हा वाचली. धारपांची पुस्तकं नव्याने छापली ती आपल्याच शहरातल्या साकेत प्रकाशनाने, त्यामुळे आम्हां छत्रपती संभाजीनगरकरांना त्यांचा जरा जास्तच लळा! 'लुचाई'चं मूळ स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट' या १९७५ सालच्या कादंबरीत आहे, हे जाणकार वाचकांना ठाऊक आहे. तरी धारपांची भीती मला उसनी वाटत नाही, ती मराठी घरातलीच वाटते. २०१८ साली आलेला 'तुंबाड' पाहून माझी मुलं आजीच्या प्रसंगाला किंचाळली होती. त्या आजीमागेही धारपांच्याच कथेची प्रेरणा आहे, हे सांगितल्यावर माझ्या कपाटाकडे त्यांनी पहिल्यांदा आदराने पाहिलं.

पण इथे माझी एक अडचण आहे. दिवसा मी वस्तीत बुवाबाजीविरुद्ध बोलते. सुनेला 'बाहेरचं' झालंय म्हणून पोत गहाण टाकून बाबाच्या पायावर पैसे ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तो ऑगस्ट २०१३ मध्ये आणि जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. एवढी किंमत मोजून मिळालेला कायदा समजावून सांगायचा आणि रात्री मांत्रिक, पिशाच्च वाचायचं? माझी सहकारी म्हणते, पुस्तकातलं भूत पुस्तक मिटलं की संपतं, बाबाचं भूत दर अमावस्येला पैसे मागतं. पटतं मला. तरीही केंद्राच्या कपाटात मी धारप ठेवलेले नाहीत. ती म्हणते, हा वाचणाऱ्या बायकांचा अपमान आहे. आमचं यावर अजून एकमत नाही.

तिसरं पुस्तक जयंत नारळीकरांचं, 'वामन परत न आला'. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हापासून उशाशी होतं. नारळीकरांनी दाभोलकरांच्या साथीने फलज्योतिषाची चाचणी घेतली होती, आठवतं? हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना दिल्या. सत्तावीस जणांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहिल्या. बरोबर उत्तरांचं प्रमाण निघालं सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी याहून बरं उत्तर आलं असतं! बायकांना हे सांगितलं की आधी शांतता पसरते आणि मग कुणीतरी खुदकन हसतं.

कादंबरीत जमिनीखाली एक वस्तू सापडते. तिच्यात आपल्याही फार आधीच्या, पुढारलेल्या संस्कृतीने ठेवलेलं ज्ञान असतं. त्यातून तयार होतो यंत्रमानव, वामन. आज्ञाधारक, हुशार. पण पुराणातला वामन किती पावलं मागतो, हे आपल्याला माहीत आहे. पुढचं सांगत नाही. हे लिहिलं गेलं तेव्हा घरात कॉम्प्युटर नव्हता. आज माझा मुलगा निबंधसुद्धा मोबाइलकडून लिहून घेतो, म्हणून मला ते जास्त टोचलं. पात्रं थोडी पुठ्ठ्याची आहेत, बायका तर फारच कमी; पण कल्पना अशी की झोप उडते.

जाता जाता एक गंमत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती लिहून काढली मंगलाताईंनी, ज्या स्वतः गणितज्ञ! कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

गणितावरून आठवलं. ख्रिस्तीच्या त्या कादंबरीत ल्यूसी नावाची एक मुलगी आहे. ऑक्सफर्डमध्ये गणितात पहिला वर्ग मिळवलेली. घरकामाला चांगलं माणूस मिळत नाही, हे ती ओळखते आणि तेच काम स्वतःच्या अटींवर, चढ्या दराने करते. मार्पल तिलाच संशयित घरात स्वयंपाकाला पाठवते. गेल्या बुधवारी केंद्रात बचत गटाच्या बायकांना मी हा भाग मराठीत सांगितला. निम्म्या जणी चार घरी धुणंभांडी करणाऱ्या. मला वाटलं, खुनाबद्दल विचारतील. पहिला प्रश्न आला, "तिला महिन्याचे किती मिळायचे?" दुसरा, "अन् सुट्टी?" कामाला लागण्याआधीच ती पैशांचं आणि सुट्ट्यांचं ठरवून घेते, असं मी सांगितलं तेव्हा एकजण मागून म्हणाली, "लिहून घ्या ग ते." प्रेत कुठे सापडतं, ते पुढच्या बुधवारी सांगायचंय.