नावड, अनिच्छा आणि नकार

परदेशी यजमानाच्या पंगतीत किंवा सौद्याच्या बैठकीत ‘नको’ म्हणण्याचा प्रसंग येतोच. ‘आवडत नाही’, ‘इच्छा नाही’ आणि ‘चालत नाही’ हे तीन भाव तेथे वेगळे राखता आले नाहीत, तर यजमानाचे मन दुखावते किंवा नको तोच पदार्थ पुन्हा ताटात येतो.

इंग्रजीत ‘आय डोन्ट लाइक’ म्हणताना माणूस कर्ता असतो. स्पॅनिशमध्ये ‘नो मे गुस्ता एल काफे’ म्हणतात. येथे कॉफी कर्ता आहे. ‘मला कॉफी आवडत नाही’ या मराठी वाक्याची घडण नेमकी हीच आहे. वस्तू अनेक झाल्या की क्रियापदही बदलते: ‘नो मे गुस्तान लास सेबोयास’, म्हणजे ‘मला कांदे आवडत नाहीत’. म्हणूनच ही रचना शिकताना इंग्रजीपेक्षा मराठीचा आधार अधिक उपयोगी पडतो. प्राचीन इंग्रजीतही ‘लाइक’च्या पूर्वरूपाचा अर्थ ‘रुचणे’ असाच होता.

व्यक्तीविषयी मात्र ‘गुस्ता’ जपून वापरावे, कारण त्यात प्रेमाच्या ओढीची छटा येऊ शकते. एखाद्याशी पटत नसेल, तर ‘नो मे काए ब्येन’ म्हणतात.

अनिच्छेचे शब्द निराळे आहेत. ‘नो तेंगो गानास’ म्हणजे इच्छा नाही. ‘मे दा पेरेसा’ म्हणजे कंटाळा येतो. नाखुशीने केलेले काम ‘दे माला गाना’ केलेले असते. इंग्रजीत ‘आय वुड रादर नॉट’ हा सौम्य नकार आहे, पण आग्रही यजमान त्याला संकोच समजू शकतो. भावाच्या बोलणीत ‘आय ॲम अफ्रेड’ म्हणणारा इंग्रज व्यापारी घाबरलेला नसतो. तो केवळ नकाराची धार बोथट करीत असतो.

जेथे प्रश्न आवडीचा नसून नियमाचा आहे, तेथे सौम्य शब्द अपुरे पडतात. ‘आवडत नाही’ म्हटले, तर ‘थोडे चाखून पाहा’ असा आग्रह होतो. तेथे ‘आय डोन्ट ईट मीट’ किंवा ‘नो कोमो कार्ने’, म्हणजे ‘मी मांस खात नाही’, असे सरळ सांगावे. ‘कार्ने’ या शब्दात अनेक स्पॅनिशभाषक मासे धरीत नाहीत. म्हणून ‘नी पेस्कादो, नी हामोन, नी उएवो’, अर्थात ‘मासे, हॅम आणि अंडेही नाही’, अशी जोड द्यावी. अखेरीस ‘ग्रासियास’, म्हणजे ‘धन्यवाद’, म्हटले की नकार स्पष्ट राहतो आणि यजमानाचा मानही राखला जातो.