पाण्यावर तरंगणारी वीट

वीट पाण्यात टाकली की काय होतं? डुबुक! थेट तळाला. पण धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी जुन्या देवळांच्या काही विटा अशा आहेत, की त्या चक्क पाण्यावर तरंगतात.

तेर वसलंय तेरणा नदीच्या काठी. जुनं नाव तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथलं कापड गाड्यांत लादून भडोचच्या बंदरात जायचं, असं तेव्हाच्या एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहून ठेवलंय. आता इथे भाविक येतात ते गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या समाधीच्या दर्शनाला. ते झालं की त्रिविक्रमाच्या देवळात जायलाच हवं. तीन पावलांत तिन्ही लोक मापणारा विष्णू तिथे एक पाय उंच उचलून उभा आहे. देऊळ विटांचं, मागची बाजू अर्धगोल आणि छप्पर हत्तीच्या पाठीसारखं! एवढं जुनं, विटांत बांधलेलं उभं देऊळ महाराष्ट्रात क्वचितच दिसतं.

आता त्या तरंगणाऱ्या विटांकडे वळू. मातीत धान्याचं तूस भरपूर मिसळायचं आणि वीट पाडायची. ती भट्टीत भाजली की माती पक्की होते, तूस मात्र जळून जातं. त्याच्या जागी उरतात बारीक बारीक पोकळ्या, हवेने भरलेल्या. विटेचा आकार तेवढाच, वजन मात्र कितीतरी कमी. मला यातली युक्ती फार आवडते. छप्पर विटांचं करायचं तर त्याचा सगळा भार भिंतींवर येणार. मग वीटच हलकी केलेली बरी, नाही का?

पण तरंगते का? हे तुम्हीच ताडून पाहा. घराजवळ नेहमीची वीट मिळाली, तर तिची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा. तिन्ही आकडे गुणा. १९, ९ आणि ९ असतील तर उत्तर येईल १५३९ घन सेंटिमीटर. एवढ्या जागेत मावणाऱ्या पाण्याचं वजन साधारण १५३९ ग्रॅम, म्हणजे दीड किलोच्या थोडं वर. आता वीट काट्यावर ठेवा. ती भरेल तीन किलोच्या आसपास. पाण्याहून जड, म्हणून बुडते. तीच वीट दीड किलोपेक्षा कमी भरली असती, तर तरंगली असती.

तुमच्या विटेचं वजन किती आलं, ते वहीत लिहून ठेवा. आणि तेरला गेलात तर देवळाच्या भिंतीतली वीट टोकरू नका बरं!