संगणकातून टीव्हीपर्यंत : वेब-व्हिडिओचा प्रवास

उलगडा कोण करतो?

इंटरनेटवरचा व्हिडिओ मूळ आकारात कधीच प्रवास करत नाही. १९२० बाय १०८० ठिपक्यांचे चित्र, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला २५ चौकटी असा गुणाकार केला, तर दर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. बहुतेक घरगुती जोडण्यांना हा भार झेपणारा नाही. म्हणून कोडेक, म्हणजे व्हिडिओ आकसण्या-उलगडण्याची पद्धत, लागोपाठच्या चौकटींतला सारखेपणा वगळून मुख्यतः बदल तेवढा नोंदवतो आणि तोच व्हिडिओ सेकंदाला ५० लाख बिटांच्या आसपास बसतो. पडद्यावर दिसण्याआधी तो पुन्हा उलगडावा लागतो. हे काम कोणते उपकरण करते, यावर पुढची सगळी रचना अवलंबून असते.

केबल

एचडीएमआय केबल जोडली की उलगडा संगणकच करतो. टीव्ही केवळ मॉनिटर उरतो. चित्र आणि ध्वनी एकाच तारेतून जातात, त्यामुळे ब्राउझरमध्ये जे चालते ते सहसा टीव्हीवरही चालते. काही टीव्ही चित्र किंचित मोठे करून कडा कापतात आणि खालची टास्कबार अर्धी दिसेनाशी होते. हा दोष संगणकाचा नसून टीव्हीच्या ओव्हरस्कॅन या सेटिंगचा असतो. संगणक टीव्हीजवळच ठेवावा लागणे, ही या पद्धतीची खरी अडचण.

पत्ता देणे

२०१३ मध्ये आलेल्या क्रोमकास्ट या टीव्हीला जोडायच्या डोंगलने वेगळी वाट घेतली. ज्या संकेतस्थळांवर कास्टची सोय आहे, तिथे संगणक व्हिडिओ पाठवतच नाही, फक्त त्याचा पत्ता डोंगलला देतो. डोंगल थेट इंटरनेटवरून व्हिडिओ आणतो. मध्येच संगणक बंद केला तरी चित्रपट चालू राहतो. ब्राउझरचा टॅब कास्ट करणे मात्र निराळे. तिथे संगणक पडद्यावरचे चित्र त्याच क्षणी नव्याने आकसून पाठवत असतो, म्हणून चित्र थोडे मागे राहते आणि दर्जाही घटतो.

घरातला सर्व्हर

जेलीफिन, प्लेक्स यांसारखी सॉफ्टवेअर संगणकाला सर्व्हर बनवतात. टीव्हीवरचे ॲप यादी मागते, संगणक फाइल पुरवतो आणि उलगडा टीव्हीत होतो. २००३ मध्ये स्थापन झालेल्या डीएलएनए या संघटनेच्या मानकांमुळे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांना ओळखू लागली. वेब-व्हिडिओ मात्र या साच्यात सहज बसत नाही. ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे आणि त्यांची यादी असते. जुन्या टीव्हीला सलग प्रवाह हवा असतो. तुकडे जोडून तो प्रवाह तयार करणे, हे मधल्या संगणकाचे काम.

ट्रान्सकोडिंग

टीव्हीला कोडेकच ओळखीचा नसेल, तर तुकडे जोडून भागत नाही. एच.२६४ जवळपास सगळीकडे चालतो, पण २०१८ चा एव्ही१ जुन्या टीव्हीला उलगडत नाही. मग संगणक व्हिडिओ उलगडून दुसऱ्या कोडेकमध्ये पुन्हा आकसतो. प्रोसेसरवर हा मोठा ताण असतो. त्यासाठी स्वतंत्र व्यवस्था असलेली ग्राफिक्स चिप असेल तर काम बरेच हलके होते. मराठी उपशीर्षकांचा मुद्दा इथेच येतो. टीव्हीच्या प्लेअरला देवनागरी नीट मांडता येत नसेल, तर चौकोन उमटतात किंवा जोडाक्षरे फुटतात. तेव्हा संगणकाला अक्षरे चित्रातच कोरून द्यावी लागतात आणि त्यासाठी संपूर्ण ट्रान्सकोडिंग अटळ ठरते.

वाय-फाय

संगणक आणि टीव्ही दोघेही एकाच राउटरच्या वाय-फायवर असतील, तर प्रत्येक बिट हवेतून दोनदा जातो : संगणकाकडून राउटरकडे, तिथून टीव्हीकडे. वेब-व्हिडिओ असेल तर तो आधी संगणकापर्यंत येण्याची फेरी आणखी वेगळी. म्हणूनच इंटरनेट वेगवान असूनही चित्र अडखळते. संगणक लॅन केबलने राउटरला जोडला, तर हवेतली एकच फेरी उरते. महागडा राउटर घेण्याआधी हा उपाय करून पाहण्याजोगा आहे.

कुलूपबंद व्हिडिओ

सशुल्क सेवांचे चित्रपट कूटबद्ध असतात आणि किल्ली मान्यताप्राप्त प्लेअरलाच मिळते. घरच्या सर्व्हरला असा प्रवाह उघडता येत नाही. संगणकाच्या ब्राउझरमध्येही काही सेवा कमी स्पष्टतेचेच चित्र देतात. अशा व्हिडिओसाठी एचडीएमआय केबल, डोंगल किंवा त्या सेवेचे टीव्ही ॲप हेच मार्ग उरतात.