नॉर्मन सिरिल जॅक्सन

नॉर्मन सिरिल जॅक्सन (८ एप्रिल १९१९ – २६ मार्च १९९४) हे दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सच्या बॉम्बफेकी विमानांवर काम केलेले ब्रिटिश हवाई सैनिक होते. २६-२७ एप्रिल १९४४ च्या रात्री जर्मनीवर उडत असलेल्या आपल्या लँकेस्टर विमानाच्या पंखाला लागलेली आग विझवण्यासाठी ते विमानाबाहेर पडले. आग विझली नाही आणि विमानही वाचले नाही. तरीही या कृत्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले.

प्रारंभीचे जीवन

जॅक्सन यांचा जन्म लंडनजवळील ईलिंग येथे झाला. गंटर कुटुंबाने त्यांना दत्तक घेतले होते. फिटर व टर्नर म्हणून प्रशिक्षण घेतल्यानंतर ऑक्टोबर १९३९ मध्ये ते रॉयल एअर फोर्समध्ये दाखल झाले. सुरुवातीला त्यांचे काम जमिनीवरचे, म्हणजे इंजिनांच्या देखभालीचे होते. १९४१ मध्ये त्यांना पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन येथे ९५व्या स्क्वॉड्रनमध्ये पाठवण्यात आले. या स्क्वॉड्रनकडे पाण्यावर उतरणारी सुंदरलँड विमाने होती. पुढे त्यांनी उड्डाण अभियंत्याचे प्रशिक्षण घेतले आणि जुलै १९४३ मध्ये ते बॉम्बर कमांडच्या १०६व्या स्क्वॉड्रनमध्ये रुजू झाले.

बॉम्बर कमांडमधील सेवा

लँकेस्टर विमानात सात जण असत : वैमानिक, उड्डाण अभियंता, दिशादर्शक, बॉम्ब टाकणारा नेमबाज, बिनतारी यंत्रचालक आणि दोन मशीनगनचालक. विमानात सहवैमानिक नसे. चार इंजिने, इंधनाच्या टाक्या आणि त्यांचे मापक यांवर लक्ष ठेवणे, तसेच उड्डाणाच्या वेळी वैमानिकाला मदत करणे ही उड्डाण अभियंत्याची कामे असत.

एका हवाई सैनिकाला साधारणतः ३० मोहिमांनंतर विश्रांती मिळे. मात्र तिथपर्यंत पोहोचणे अवघड होते. युद्धकाळात बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० हवाई सैनिकांपैकी ५५,५७३ मृत्युमुखी पडले. जॅक्सन यांनी २४ एप्रिल १९४४ पर्यंत आपल्या ३० मोहिमा पूर्ण केल्या होत्या. एक मोहीम त्यांनी दुसऱ्या चमूबरोबर केल्यामुळे ते आपल्या सहकाऱ्यांच्या एक मोहीम पुढे होते. सहकाऱ्यांच्या अखेरच्या मोहिमेत बरोबर राहता यावे म्हणून ते ३१व्या मोहिमेसाठी स्वेच्छेने निघाले. निघण्यापूर्वीच त्यांना पहिला मुलगा झाल्याची बातमी मिळाली होती.

श्वाइनफुर्टची मोहीम

दक्षिण जर्मनीतील श्वाइनफुर्ट हे बॉल बेअरिंगच्या उत्पादनाचे प्रमुख केंद्र होते. या शहरावरील त्या रात्रीच्या हल्ल्यात ब्रिटिशांनी २१ लँकेस्टर विमाने गमावली. जॅक्सन यांच्या विमानाने बॉम्ब टाकून परतीची वाट धरली असताना सुमारे २०,००० फुटांवर जर्मन लढाऊ विमानाने त्यावर हल्ला केला. तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी जॅक्सन यांच्या उजव्या पायाला व खांद्याला जखमा झाल्या आणि उजव्या पंखावर इंधनाच्या टाकीजवळ आग लागली.

वैमानिक फ्रेड मिफ्लिन यांच्या परवानगीने जॅक्सन यांनी लहान अग्निशामक यंत्र जाकिटात खोचले, पॅराशूट अंगावर बांधले आणि वैमानिकाच्या डोक्यावरील झाकण उघडून ते बाहेर पडू लागले. विमानाचा वेग ताशी सुमारे २०० मैल होता. ते पूर्ण बाहेर पडण्यापूर्वीच त्यांचे पॅराशूट कॉकपिटमध्ये उघडले. सहकाऱ्यांनी ते कापड गोळा करून धरले आणि जॅक्सन मागे सरकतील तशा त्याच्या दोऱ्या सैल सोडल्या. पाय घसरून जॅक्सन पंखावर पडले व पंखाच्या पुढच्या कडेवरील हवेच्या झरोक्याला धरून राहिले. परंतु अग्निशामक हातून निसटले. ज्वाळांनी त्यांचा चेहरा, हात व कपडे भाजले. अखेरीस त्यांची पकड सुटली आणि ते ज्वाळांतून ओढले जाऊन पंखामागे फेकले गेले. पाठोपाठ निघालेले त्यांचे पॅराशूट अर्धवटच फुगले होते आणि ठिकठिकाणी जळत होते.

यानंतर मिफ्लिन यांनी विमान सोडण्याचा आदेश दिला. चार जण सुखरूप उतरले. मिफ्लिन आणि शेपटाकडील मशीनगनचालक ह्यू जॉन्सन यांचा मृत्यू झाला.

युद्धकैद

जमिनीवर आदळल्याने जॅक्सन यांचा घोटा मोडला. उजवा डोळा भाजल्यामुळे बंद झाला होता आणि हात निकामी झाले होते. उजाडल्यावर ते सरपटत जवळच्या गावात पोहोचले, तेथे त्यांना कैद करण्यात आले. त्यांना सुमारे दहा महिने रुग्णालयात काढावे लागले. बरे झाल्यावर त्यांनी दोनदा पलायनाचा प्रयत्न केला. दुसऱ्या प्रयत्नात ते म्युनिकजवळ अमेरिकन सैन्यापर्यंत पोहोचले.

व्हिक्टोरिया क्रॉस

त्या काळी ब्रिटिश हवाई दलाची काही शौर्यपदके हुद्द्यानुसार ठरत. शत्रूविरुद्धच्या उड्डाणातील शौर्यासाठी अधिकारी व वॉरंट ऑफिसर यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, तर त्यांच्याखालील हुद्द्यांच्या सैनिकांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल दिले जाई. १८५६ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसला हुद्द्याचे बंधन नव्हते. मात्र त्यासाठी कृत्याची खात्रीलायक साक्ष लागे. जॅक्सन यांच्या कृत्याचे साक्षीदार युद्धकैदी असल्याने हा प्रसंग तोवर ब्रिटनमध्ये अज्ञात राहिला. वाचलेले सहकारी युद्धानंतर मायदेशी परतले आणि त्यांच्या सांगण्यावरून पदकाची शिफारस झाली. २६ ऑक्टोबर १९४५ रोजी पदक जाहीर झाले.

मानपत्रात यशापेक्षा पत्करलेल्या धोक्यावर भर आहे. आग विझली असती तरी जॅक्सन कॉकपिटमध्ये परत येण्याची शक्यता जवळजवळ नव्हती आणि पॅराशूट आधीच उघडल्याने जगण्याची आशाही अत्यल्प उरली होती, असे त्यात नमूद आहे. यापूर्वी जुलै १९४१ मध्ये न्यू झीलंडचे जेम्स वॉर्ड यांनी वेलिंग्टन विमानाच्या पंखावर उतरून आग आटोक्यात आणली होती व त्यांनाही हेच पदक मिळाले होते. वेलिंग्टनच्या पंखावर कापडाचे आच्छादन असल्याने त्याला भोके पाडून हातापायांना आधार मिळवता आला. लँकेस्टरच्या गुळगुळीत धातूच्या पंखावर तशी सोय नव्हती.

१३ नोव्हेंबर १९४५ रोजी राजे सहावे जॉर्ज यांनी बकिंगहॅम राजवाड्यात हे पदक प्रदान केले. त्याच समारंभात ग्रुप कॅप्टन लिओनार्ड चेशायर यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. जॅक्सन यांनी आपल्यापेक्षा मोठा धोका पत्करला असल्याने पहिला मान त्यांना मिळावा, अशी विनंती हुद्द्याने वरिष्ठ असलेल्या चेशायर यांनी केली, असे सांगितले जाते.

उत्तरायुष्य

युद्धानंतर जॅक्सन यांनी व्हिस्कीचे फिरते विक्रेते म्हणून नोकरी केली. त्यांच्या हातांवर भाजल्याच्या खुणा कायम राहिल्या. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले व ट्विकनहॅम येथील दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. एप्रिल २००४ मध्ये त्यांच्या पदकाचा लिलाव झाला आणि संग्राहक लॉर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी ते दोन लाख पौंडांहून अधिक किमतीला विकत घेतले.