नेटच्या दोन्ही बाजूंना एकच गाव

धुळे-सोलापूर महामार्ग आणि नगरहून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता मांजरसुंब्याच्या चौकात एकमेकांना छेदतात. बालाघाटाच्या माथ्यावरचं हे ठिकाण. दिवाळीच्या आगेमागे इथून ऊसतोड कामगारांच्या गाड्या कारखान्यांकडे निघतात आणि जवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला भाविकांची रीघ लागते. चौकातून पश्चिमेचा रस्ता धरला की पाटोदा आणि पुढे जामखेड. कागदावर जामखेड नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात. पण हलकी जमीन, हुलकावणी देणारा पाऊस, हातातला कोयता आणि जातीनिहाय वसलेल्या वाड्या-वस्त्या या साऱ्यात जामखेड आणि बीड ही सख्खी भावंडंच.

याच जामखेडला एका ख्रिस्ती डॉक्टर दांपत्यानं गावांमध्ये जातीनं पाडलेल्या भेगा ओलांडून तरुणांना एकत्र आणलं. गेल्या काही वर्षांत आरक्षणाच्या वादानं बीड जिल्ह्यातल्या तरुणांची मनं कशी दुभंगली, दुकान कोणाचं आहे ते पाहून गिऱ्हाईक कसं वळू लागलं, याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. म्हणूनच अर्धशतकापूर्वीचं हे काम आज पुन्हा नीट पाहायला हवं.

हे दांपत्य म्हणजे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. रजनीकांत यांचा जन्म १९३४चा, नगर जिल्ह्यातला, आईवडील शिक्षक. डॉ. मेबल जबलपूरच्या. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले आणि १९६०मध्ये लग्न झालं तेव्हाच ग्रामीण गरिबांसाठी आयुष्य द्यायचं ठरवून बसले. काही वर्षं त्यांनी नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काढली. तिथं त्यांच्या लक्षात आलं, की बरं करून घरी पाठवलेलं मूल त्याच हगवणीनं, त्याच उपासमारीनं पुन्हा दारात येतं. दुखण्याचं मूळ गावात होतं, गावच्या पाण्यात, ताटात आणि उतरंडीत होतं. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७०मध्ये जामखेडला येऊन ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पहिला दवाखाना भरला तो गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत.

मराठी मुलखाला ख्रिस्ती संस्थांचा असा हात नवा नव्हता. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा होती, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचे धडे तिथंच घेतले. १९४७मध्ये डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं आणि सर्व जातिधर्मांच्या ग्रामीण मुलांना उच्च शिक्षणाचं दार उघडलं. या परंपरेबरोबरच एक संशयही चालत आला होता: हे लोक शेवटी धर्म बदलायला लावतील. आरोळ्यांनी त्यावर वाद घातला नाही. उपचारासाठी धर्माची अट नाही आणि उपचाराच्या बदल्यात धर्माची अपेक्षाही नाही, हे त्यांच्या वागण्यातून लोकांना दिसत गेलं. येशूवरची श्रद्धा त्यांनी कधी लपवली नाही, पण ती कोणावर लादलीही नाही.

तरुणांपर्यंत पोचायचं कसं, हा प्रश्न होता. आरोग्यावर बोलायला सभा बोलावली तर तरुण गडी फिरकत नसत. दुखणीखुपणी, बाळंतपणं ही बायकांची कामं, असा समज. आणि सभा बोलावली तरी बसण्याची रचना आधीच ठरलेली: पाटलाची मंडळी पारावर, दलित वस्तीतले लांब उभे. मग संध्याकाळी गावात व्हॉलीबॉल सुरू झाला. दोन खांब, एक नेट, एक बॉल आणि थोडी सपाट जागा. डॉ. आरोळे आणि त्यांचे सहकारी स्वतः पोरांबरोबर खेळायला उतरत.

या खेळाच्या नियमांकडे नीट पाहिलं, तर त्याची ताकद कळते. व्हॉलीबॉलमध्ये बॉल तीन फटक्यांत पलीकडे घालवावा लागतो आणि एकाच खेळाडूला लागोपाठ दोनदा मारता येत नाही. कितीही पटाईत गडी असला तरी बॉल दुसऱ्याच्या हाती द्यावाच लागतो. एकानं उचलायचा, दुसऱ्यानं चढवायचा, तिसऱ्यानं हाणायचा. ज्याची सावलीही टाळायची, त्यानं चढवलेला बॉलच जर पॉइंट मिळवून देणार असेल, तर शिवाशीव चालवायची कशी? भाषणानं जे साधलं नसतं ते खेळाच्या रचनेनंच साधायला सुरुवात केली. खेळ संपला की घामेजलेली पोरं तिथंच बसत आणि मग बोलणं निघे.

बोलणं आधी पिकांचं आणि गुराढोरांचं असे. गाय आटली, शेळी मेली, बियाणं उगवलं नाही. प्रकल्पानं तोच धागा धरला. गावोगाव तरुण शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली, आणि शेती, पशुपालन, कर्जाच्या सोयी यांची माहिती देणारी शिबिरं जामखेडला भरू लागली. जनावराला लस टोचायची हे ज्याला पटलं, त्याला लेकराला लस टोचायची हे पटवायला फार वेळ लागत नाही. याच मंडळांच्या पोरांनी पुढे घरोघरी पाहणी केली, क्षयाचे आणि कुष्ठाचे रोगी शोधले, झाडं लावली, नाले अडवले.

तेवढ्यात १९७२चा दुष्काळ आला. बाहेरून मदत घेऊन प्रकल्पानं बोअर पाडले, हातपंप बसवले. पंप कुठे बसवायचा, हा प्रश्न दिसायला भूगर्भाचा, पण गावात तो जातीचाच असतो. शक्य तिथं ते पंप दलित वस्तीत बसवले गेले. आजवर दलित बाया विहिरीपासून दूर उभं राहून कुणीतरी घागरीत पाणी ओतील याची वाट पाहत. आता साऱ्या गावाला पाण्यासाठी त्यांच्या वस्तीत यावं लागलं. कुपोषित मुलांसाठी सुरू केलेल्या सामूहिक स्वयंपाकघरांतही हाच विचार होता. सगळ्या जातींची लेकरं एका पंगतीला बसली. पाच वर्षांखालच्या मुलाला भूक कळते, जात अजून कळलेली नसते. पंगत मुलांची असली, तरी ती पाहणाऱ्या मोठ्यांसाठीही तो धडा होता.

या प्रकल्पाची जगाला ओळख झाली ती गावच्या आरोग्य सेविकांमुळे. गावानंच निवडलेल्या या बायकांपैकी अनेक निरक्षर होत्या आणि पुष्कळ दलित होत्या. त्या जामखेडला येऊन प्रशिक्षण घेत, एकत्र राहत, एकत्र जेवत. सुरुवातीला दुसऱ्या जातीच्या बाईशेजारी बसून घास गिळणंही अवघड जाई. बाळंतपण करायला, तापाचं लेकरू पाहायला दलित सेविका सवर्णांच्या माजघरात पोचली तेव्हा उंबऱ्याचा जुना कायदा मोडला. जवळके गावच्या सरूबाई साळवे यांच्यावर २००८मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’नं लिहिलं. एके काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातली ही बाई गावातल्या आयाबायांचा मोठा आधार बनली होती.

आकडेही बोलतात. १९७१मध्ये प्रकल्पाच्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. नव्वदच्या दशकापर्यंत हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांच्या हातच्या आरोग्यसेवेवर काढलेल्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण होतं. १९७८मध्ये आल्मा-आटा इथं भरलेल्या जागतिक आरोग्य परिषदेनं ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय मांडलं, त्या विचारामागे अशाच अनुभवांचं बळ होतं. १९७९मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९९०मध्ये डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण. आज देशभर काम करणाऱ्या ‘आशा’ ताईंची कल्पना ज्या प्रयोगांवर उभी आहे, त्यांत जामखेडचं नाव अग्रभागी आहे. मेबलताई १९९९मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११मध्ये. काम पुढच्या पिढीनं, डॉ. शोभा आणि रवी आरोळे यांनी, पुढे चालवलं.

पुढच्या काळात किशोरी मुलींचे गट हे प्रकल्पाचं मोलाचं काम ठरलं. पाळी, रक्तक्षय, आहार, स्वसंरक्षण, लग्नाचं वय आणि त्याबद्दलचा कायदा या विषयांवर वेगवेगळ्या जातींच्या मुली एकत्र बसून शिकतात. मुलगे वेगळं वागल्याशिवाय मुलींचं जगणं बदलत नाही, म्हणून मुलग्यांचेही गट सुरू झाले. मांजरसुंब्याच्या परिसराला या कामाची निकड सांगावी लागू नये. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठरा पूर्ण होण्याआधीच झालेली आढळली. आईबाप तोडीला जाणार, तरणी पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, या काळजीपोटी मुली उजवल्या जातात. ही काळजी मराठ्याच्या घरात आहे, वंजाऱ्याच्या घरात आहे, दलिताच्या घरातही आहे. ऊसतोडीच्या काळात कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या खोपटांत, राहणाऱ्या साऱ्यांचं दुखणं एकच, तरी ती घरं एकमेकांशी बोलायला राजी नाहीत.

जामखेडनं जात संपवली, असं म्हणणं खोटं ठरेल. लग्नं आजही जातीतच ठरतात आणि निवडणुकीत माणूस आधी आडनाव पाहतो. पण ज्या गावांत एकत्र खेळणं, एका पंपावर पाणी भरणं, एका पंगतीला बसणं शक्य नव्हतं, तिथं ते रोजचं झालं. आणि हे घडवणाऱ्यांनी तरुणांना ‘जात सोडा’ असा उपदेश करत बसण्याऐवजी, जात धरून करताच येणार नाही असं काम त्यांच्या हाती दिलं. श्रद्धेची साक्ष देण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मला दिसत नाही. शेजाऱ्यावर प्रेम करा, ही येशूची आज्ञा त्यांनी शब्दशः पाळली आणि शेजारी कोण हे ठरवताना गावकुसाबाहेरच्या वस्तीपासून सुरुवात केली.

आज बीडच्या गावांत तरुणांना जातीपातीच्या मेळाव्यांची आमंत्रणं रोज येतात. मिळून करायच्या कामाचं आमंत्रण मात्र क्वचितच येतं. ते द्यायला मोठी देणगी लागत नाही आणि त्यासाठी ख्रिस्ती असण्याचीही गरज नाही. शाळेचं मैदान, ग्रामपंचायत, कीर्तनाचा सप्ताह, दर्ग्याचा उरूस, चर्च, बुद्धविहार यांपैकी कुठूनही ते देता येईल. अट एकच: काम असं निवडावं, की दुसऱ्या आळीच्या पोरावाचून ते पुरं होणार नाही. आरोळ्यांनी ते करून दाखवलं आहे, आणि तेही आपल्यासारख्याच कोरड्या, वाटल्या गेलेल्या गावांत.