रंग खाणाऱ्या जिवाणूंची अवजारपेटी

इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसमधून निघणाऱ्या सांडपाण्याबरोबर कापडावर न बसलेला रंगही वाहून जातो. यातले बरेच रंग ॲझो वर्गातले. ऊन, घाम आणि धुणे यांत टिकावेत म्हणूनच ते घडवलेले असतात. त्यामुळे पाण्यातही ते सहजी नष्ट होत नाहीत. असे रंग पचवणाऱ्या जिवाणूंवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे काम केले. बॅसिलस, स्यूडोमोनास, कोमामोनास अशा निरनिराळ्या कुळांतले जिवाणू त्यांनी तपासले.

मात्र रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे नव्हे. ऑक्सिजन कमी असताना जिवाणूंचे ॲझोरिडक्टेज हे विकर रंगाच्या रेणूतला नायट्रोजनचा दुहेरी बंध तोडते. मागे ॲरोमॅटिक अमाइन उरतात आणि त्यांतले काही मूळ रंगाहून घातक असतात. त्यांचा निकाल लावायला ऑक्सिजन आणि वेगळी विकरे लागतात. रंगात तग धरणाऱ्या जिवाणूतच या विकरांची जनुके घालता आली, तर काम पुरे होण्याची आशा आहे.

जनुक आत नेण्याचे वाहन म्हणजे प्लास्मिड, डीएनएचे छोटे वर्तुळ. १९७३ साली स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी प्लास्मिडमधून परके जनुक ई. कोलाय या जिवाणूत घातले. पुढची बहुतेक साधने ई. कोलायच्याच मापाची झाली. दुसऱ्या जिवाणूत तेच प्लास्मिड अनेकदा टिकत नाही: त्याच्या प्रती निघत नाहीत, जिवाणूची विकरे परका डीएनए कापून टाकतात, किंवा प्लास्मिड शिरलेले जिवाणू निवडून काढण्यासाठी वापरलेले प्रतिजैविक त्या जिवाणूला मुळात बाधतच नाही. म्हणून प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या पद्धतीने प्लास्मिड जुळवत राहिली आणि एकीचे काम दुसरीच्या उपयोगी पडेना.

माद्रिदमधल्या वीकतोर दे लोरेन्सो यांच्या गटाने २०१३ मध्ये ‘सेवा’ नावाची प्रमाणित रचना मांडली. एका यंत्रमागाचा सुटा भाग दुसऱ्याला बसावा, तसे यात प्लास्मिडचे भाग ठरावीक जागी तोडून बदलता येतात. नावातच रचना कळते. ‘पी-सेवा २३१’ मध्ये २ म्हणजे कॅनामायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक, ३ म्हणजे अनेक जिवाणूंत प्रती काढू शकणारा ‘पीबीबीआर१’ हा आरंभबिंदू आणि १ म्हणजे हवे ते जनुक बसवण्याची जागा. प्रतिजैविक चालले नाही तर तेवढाच भाग बदलायचा. शिवाय संयुग्मनाने, म्हणजे एका जिवाणूतून थेट दुसऱ्यात, हे प्लास्मिड नेण्याची सोयही त्यात आहे.

‘सेवा’ची ही पेटी मुख्यतः स्यूडोमोनाससारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंसाठी आहे. या गटात न बसणाऱ्या बॅसिलससाठी वेगळे आरंभबिंदू लागतात. आणखी एक गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी. प्लास्मिड जिवाणूंमध्ये फिरतात. प्रतिजैविकांना न जुमानणारे जनुक पंचगंगा नदीत मोकळे सुटणे कुणालाच परवडणारे नाही. जनुकबदल केलेल्या सूक्ष्मजीवांच्या वापरावर आपल्याकडे १९८९ पासून पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे नियम आहेत. त्यामुळे प्रयोग बंदिस्त प्रयोगशाळेतच व्हावेत आणि जिवाणूच्या अखेरच्या रूपात प्रतिजैविकांना न जुमानणारे जनुक काढून टाकलेले असावे.

सांडपाणी प्रक्रिया केंद्र नीट चालवण्याला प्लास्मिड हा पर्याय नाही. पण स्थानिक जिवाणू ही कोल्हापूरची खरी संपत्ती आहे. संशोधक विद्यार्थ्यांनी आपले जिवाणू पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारख्या संग्रहात जमा करावेत, प्लास्मिड प्रमाणित रचनेतच बांधावेत आणि ते इतरांना खुले ठेवावेत. एकाचा प्रबंध जिथे संपतो, तिथून दुसऱ्याला पुढे जाता आले पाहिजे.