पिल्लांमधील गोचीड-पिसूनाशक औषधांचे दुष्परिणाम

कुत्र्याच्या पिल्लांच्या अंगावरील गोचीड व पिसवा मारण्यासाठी वापरलेल्या औषधांमुळे त्वचा, पचनसंस्था किंवा मज्जासंस्था यांवर होणारे अनिष्ट परिणाम म्हणजे गोचीड-पिसूनाशक औषधांचे दुष्परिणाम होत. ही औषधे टाळणे हा उपाय नव्हे. पिसवा रक्त शोषून लहान पिल्लात रक्तक्षय घडवतात, तर गोचिडांमुळे एर्लिकिओसिस व बबेसिओसिस हे रोग पसरतात.

== गुरांचे औषध आणि मात्रा ==
नांदेड जिल्ह्यातील हदगावसारख्या शेतीप्रधान तालुक्यात कुत्रा बहुधा गोठ्याच्या आसऱ्याने वाढतो. त्यामुळे लाल कंधारी किंवा देवणी गुरांसाठी आणलेली बाटलीच पिल्लावर वापरली जाण्याचा धोका असतो. गुरांसाठीच्या आयव्हरमेक्टिन इंजेक्शनाच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते आणि गुरांना ही मात्रा ५० किलो वजनामागे दिली जाते. तेच १ मिलिलिटर २ किलोच्या पिल्लाला दिल्यास वजनाच्या प्रमाणात २५ पट औषध शरीरात जाते. लडखडणे, बाहुल्या विस्फारणे, तात्पुरते अंधत्व व बेशुद्धी ही या विषबाधेची लक्षणे होत. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत एका जनुकीय दोषामुळे हे औषध मेंदूत सहज शिरते, हे २००१ साली स्पष्ट झाले. परंतु इतक्या मोठ्या मात्रेपुढे गावठी पिल्लूही सुरक्षित नसते. शिवाय पिसवा व गोचिडांवर आयव्हरमेक्टिनचा गुण खात्रीचा नाही.

पिल्लाचे यकृत औषधाचे विघटन पुरेशा वेगाने करू शकत नाही. वजनाच्या तुलनेत त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते. अंगाला लावलेले औषध पिल्लू स्वतः चाटते, आणि आईही त्याला चाटते.

== औषधांनुसार लक्षणे ==
अमिट्राझमुळे सुस्ती, नाडी मंदावणे, शरीराचे तापमान घटणे व रक्तातील साखर वाढणे असे परिणाम होतात. ४ महिन्यांखालील पिल्लांत ते सामान्यतः टाळले जाते. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारख्या पायरेथ्रॉइडांमुळे लाळ गळते व अंग थरथरते. फिप्रोनिलचा त्रास बहुधा लावलेल्या जागी खाज सुटणे वा केस गळणे एवढाच असतो. आयसोक्झाझोलिन गटातील गोळ्यांमुळे काही कुत्र्यांत कंप, तोल जाणे व झटके आढळल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये इशारा प्रसिद्ध केला. मात्र या गोळ्या बाजारातून मागे घेतल्या नाहीत. किमान वय व वजन प्रत्येक औषधाचे वेगळे असल्याने वेष्टनावरील मजकूर पाहणे अपरिहार्य ठरते. पिकांवर फवारायची कीटकनाशके तर कोणत्याही वयाच्या कुत्र्यासाठी नाहीत.

== उपचार ==
त्वचेवर लावलेले औषध कोमट पाणी व सौम्य साबणाने धुऊन पिल्लाला लगेच कोरडे व ऊबदार ठेवतात. औषधी पट्टा असल्यास काढतात. मीठ पाजून उलटी करवणे घातक ठरू शकते. अगदी लहान पिल्लांवर बारीक दातांची फणी आणि चिमट्याने गोचीड काढणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

पशुवैद्यकाकडे औषधाची बाटली वा वेष्टन सोबत नेणे आवश्यक असते, कारण उतारा घटकावर अवलंबून असतो. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत ॲट्रोपिन देतात. अमिट्राझच्या विषबाधेत मात्र ते टाळून योहिम्बिन किंवा ॲटिपामेझोल वापरले जाते.